माळा, माडी आणि मंजुरी : बिलोली परिसरातील घरांच्या वरच्या जागेचा इतिहास

१. विषयाचे स्वरूप

घराच्या इतिहासात पाया, भिंती आणि दरवाजे यांचा विचार पुष्कळ झाला आहे. छताखालच्या जागेचा विचार क्वचितच होतो. ज्वारीची पोती, मोडकी अवजारे, लग्नकार्याची मोठी भांडी ठेवण्यासाठी केलेला माळा दोन-तीन पिढ्यांत राहती खोली होतो, ही गोष्ट मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या गावात पाहावयास मिळते. ज्याने माळा बांधला त्याने तो राहण्यासाठी बांधलेला नसतो. जो त्यात राहू लागतो त्याला आपण काही नवे बांधले असे वाटत नाही. त्यामुळे परवानगी मागण्याचा प्रसंग कोणाच्याच आयुष्यात येत नाही. पुढे वाटणी, विक्री, कर्ज किंवा मोठी दुरुस्ती यांपैकी एखादे निमित्त झाले की कचेरीत प्रश्न निघतो : ही खोली कोणाच्या मंजुरीने झाली?

या प्रश्नाला उत्तर देताना आजच्या कारभारात ‘अनधिकृत’ हा एकच शब्द सर्व जुन्या माळ्यांना लावला जातो. तो शब्द अपुरा आहे. मंजुरी नसलेला जुना माळा तीन निराळ्या स्थितींत असू शकतो. ज्या काळी परवानगीची आवश्यकताच नव्हती त्या काळी तो झाला असेल. किंवा परवानगी मिळाली असून तिचा कागद हरवला अथवा वाचता येईनासा झाला असेल. किंवा परवानगी आवश्यक असूनही ती घेतली गेली नसेल. या तिहींचा निकाल एकच लागणे न्याय्य नव्हे. कोणता माळा कोणत्या स्थितीतला हे ठरविण्यास इतिहासाची, आणि विशेषतः शब्दांच्या इतिहासाची, मदत होते. बिलोली हे त्या दृष्टीने अभ्यासास योग्य ठिकाण आहे, कारण येथील घरांच्या कागदपत्रांची भाषा गेल्या दीडशे वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलली आहे.

२. शब्दांची साक्ष

बिलोली हे नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील तालुक्याचे गाव. निजामी राजवटीतही ते तालुक्याचेच ठाणे होते. मांजरा नदीच्या पलीकडे तेलुगू भाषेचा मुलूख लागतो. दक्षिणेस देगलूरच्या बाजूने कन्नड भाषा फार दूर नाही. आणि कचेरीची भाषा दीर्घकाळ प्रथम फारसी व नंतर उर्दू होती. घराच्या वरच्या भागासाठी जे शब्द या भागात कानी पडतात त्यांत या चारही प्रवाहांच्या खुणा आहेत.

‘माळा’, ‘माळवद’ आणि ‘माडी’ हे तीन शब्द मराठीत एकमेकांजवळ वावरतात. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेले सपाट छत. माळा म्हणजे छताखाली, आढ्याखाली किंवा तक्तपोशीवर सामानासाठी राखलेली जागा. माडी म्हणजे जिच्यात माणूस बसतो, निजतो, पाहुण्यास नेतो अशी वरची खोली. कन्नडमधील ‘माळिगे’ या शब्दात सपाट छत आणि वरचा मजला असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. गुजरातीत ‘माळ’ म्हणजे मजला आणि ‘माळियुं’ म्हणजे सामानाचा माळा. मुंबईच्या मराठीत ‘तिसरा माळा’ म्हटले की तिसरा मजला समजला जातो, आणि सामानाच्या जागेसाठी ‘पोटमाळा’ असा वेगळा शब्द योजावा लागतो. मराठवाड्यातील वृद्ध मनुष्य मात्र माळा म्हणताना सामानाचीच जागा मनात धरतो. एकच शब्द एका ठिकाणी मजला आणि दुसऱ्या ठिकाणी अडगळ दर्शवितो, हे केवळ कोशकाराच्या कुतूहलाचे नाही. मुंबईच्या वळणाने लिहिलेला दस्त मराठवाड्यात वाचताना, किंवा याच्या उलट, या भेदाने एका राहत्या खोलीचा निकाल बदलू शकतो.

पलीकडच्या तेलुगूत माळ्याला ‘अटक’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द भलताच वाटेल. परंतु कन्नडमधील ‘अट्ट’ आणि संस्कृतातील ‘अट्ट’, ‘अट्टालिका’ यांच्या शेजारी ठेवला म्हणजे त्याचे कूळ लक्षात येते. सीमेवरील घरांत दोन भाषा बोलल्या जातात तेथे तोंडी जबानीत हे दोन्ही शब्द येणे स्वाभाविक आहे.

फारसी-उर्दूकडून आलेल्या शब्दांचा थर निराळा आहे. तो घरापेक्षा दप्तराशी अधिक जोडलेला आहे. उर्दू दस्तांत वरच्या खोलीला ‘बालाखाना’ म्हणतात. ‘बाला’ म्हणजे वरचा. मराठीतील बालेकिल्ला या शब्दात तोच आहे. ‘मजला’ हा अरबी ‘मंझिल’ या शब्दापासून आला. प्रवासातील मुक्कामाला आपण ‘मजल दरमजल’ म्हणतो, तीही हीच मजल. उतरणे, मुक्काम करणे हा त्याचा मूळ अर्थ असल्यामुळे मजला या शब्दात मनुष्याची वस्ती गृहीत आहे. माळा या शब्दात ती नाही. जुन्या दस्तात ‘बालाखाना’ किंवा ‘दुमजली’ असा उल्लेख असेल तर दस्त लिहिणाऱ्याच्या दृष्टीने वर वस्ती होती असे मानण्यास आधार मिळतो. नुसता ‘माळा’ असा उल्लेख असेल तर तो मिळत नाही.

परवानगीची परिभाषाही याच थरातली. ‘मंजूर’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘पाहिलेला’ असा आहे. ‘नजर’ आणि कचेरीतील ‘नाझर’ हे त्याचेच सगोत्र. अधिकाऱ्याने पाहिले म्हणजे मान्य झाले, असा त्यामागील व्यवहार. हैदराबाद संस्थानातील जमिनीच्या वार्षिक नोंदीला ‘पहाणीपत्रक’ म्हणत, त्यातही मराठी ‘पाहणे’ हीच क्रिया आहे. याच्या उलट ‘अनधिकृत’ हा शब्द पाहण्याशी संबंध ठेवीत नाही. तो अधिकाराशी, म्हणजे कागदाशी, संबंध ठेवतो. जुन्या व्यवहारात घर सर्वांनी पाहिलेले असणे पुरेसे वाटे. नव्या व्यवहारात ते नकाशावर असावे लागते. मंजुरीसंबंधीच्या बहुतेक जुन्या वादांचे मूळ या अंतरात सापडते.

३. माळ्याची माडी कशी होते

मराठवाड्यातील पारंपरिक घर खणांनी मोजले जाते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. परंतु दर पावसाळ्यापूर्वी ती दाबावी, सारवावी, भर घालावी लागते. लातूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या भागांपेक्षा नांदेडच्या पूर्वभागात पाऊस अधिक असल्याने तेथे मातीचे छत राखणे जास्त कष्टाचे. कवेलू आणि पुढे लोखंडी पत्रे आले, छपराला उतार आला, आणि उताराच्या छपराखाली जी त्रिकोणी पोकळी उरते तिने माळ्याला जागा करून दिली.

या जागेचे माडीत रूपांतर एका दिवसात होत नाही. त्याच्या पायऱ्या सामान्यतः ठरावीक असतात. आधी शिडीच्या जागी जिना येतो. शिडी उचलून ठेवता येते, जिना घराचा भाग होतो. म्हणून हा बदल सर्वांत महत्त्वाचा. त्यानंतर उजेडाच्या भोकाची खिडकी होते. मग फळ्यांवर फरशी किंवा सिमेंटचा गिलावा येतो. मुलगा नोकरीहून परत आला, लग्न झाले, भाडेकरू ठेवला, अशा एखाद्या निमित्ताने आडभिंत घातली जाते. शेवटी निराळी चूल, निराळे नळाचे पाणी आणि निराळे विजेचे मीटर. यांपैकी प्रत्येक पायरी त्या त्या वेळी दुरुस्तीच वाटते. सर्व पायऱ्या झाल्यावर मात्र जे उभे असते ते पूर्वी नव्हते, हे कोणासही नाकारता येत नाही.

या क्रमाचा कायद्याशी संबंध आहे. बांधकाम केव्हा झाले हा प्रश्न विचारला जातो तेव्हा माळ्याची तारीख आणि माडीची तारीख निराळ्या असतात. माळा १९३० चा असेल आणि माडी १९८५ ची असेल. घरातील मंडळी पहिली तारीख सांगतात, कचेरी दुसरी धरते. आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात.

४. दप्तर आणि त्याच्या भाषा

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्हे आणि तालुके यांची आखणी झाली आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत फारसीची जागा उर्दूने घेतली. मराठवाड्यात गावपातळीवर मराठी मोडी लिपीत लिहिली जाई. त्यामुळे एकाच घराचे खरेदीखत उर्दूत आणि वाटणीचा कागद मोडीत, अशी स्थिती असणे अस्वाभाविक नव्हे.

कालगणनेचाही घोळ आहे. संस्थानी कागदांवर फसली सन असे. हैदराबादच्या फसली सनात साधारणतः ५९० मिळविले म्हणजे त्याच्या आरंभाचे इसवी सन मिळते. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. त्यातील आजूर, दै, बहमन आदी महिने इराणी पद्धतीचे असल्याने ते चांद्र हिजरी महिन्यांशी जुळत नाहीत. हिजरी समजून काढलेली तारीख आठ-नऊ वर्षांनी पुढेमागे जाऊ शकते. परवानगीची आवश्यकता एखाद्या विशिष्ट दिवसापासून सुरू झाली असेल तर एवढा फरक निर्णायक ठरतो. उदाहरणार्थ, १३५७ हे वर्ष फसली असेल तर ते १९४७-४८ चे, हिजरी असेल तर १९३८-३९ चे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्यपुनर्रचनेत देगलूर आणि मुधोळ तालुक्यांतील काही मंडळे वगळून नांदेड जिल्हा मुंबई राज्यास जोडला गेला, म्हणजे बिलोलीच्या आसपासची काही गावे एका राज्यात आणि त्यांचे सोयरे दुसऱ्या राज्यात, असे झाले. ६ जुलै १९६० रोजी महाराष्ट्राचे भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला आणि राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ‘बेकायदा’, ‘बिगरपरवाना’ यांच्या शेजारी ‘अनधिकृत’, ‘नियमानुकूल’ हे संस्कृतोद्भव शब्द कचेरीत रुळले ते या काळात. परिभाषा स्वच्छ झाली. पण उर्दू वाचणारे कारकून निवृत्त होत गेले आणि जुने कागद मुके झाले. कागद हरवला असे ज्याला म्हणतात तो पुष्कळदा हरवलेला नसतो. त्याला वाचक उरलेला नसतो.

येथे आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. महसुली दप्तराचे लक्ष शेतजमिनीकडे होते. मराठवाड्यात आजही आधारभूत मानले जाणारे १९५४-५५ चे खासरा पत्रक शेतजमिनीचे आहे. गावठाणातील घर सर्वांच्या नजरेसमोर होते, पण नकाशात नव्हते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मालमत्ता पत्रके देण्याचा उपक्रम हाती घेतला तो ही उणीव भरून काढण्यासाठीच. तथापि ड्रोन छत पाहतो. छताखाली सामान आहे की संसार, हे त्याला दिसत नाही.

५. कायद्याने विचारलेले प्रश्न

नागरी कारभाराचे कायदेही असेच एकावर एक आले. हैदराबाद राज्यात १९५१ मध्ये नगरपालिका व शहर समित्यांचा आणि १९५६ मध्ये जिल्हा नगरपालिकांचा अधिनियम झाला. महाराष्ट्राने १९६५ चा नगरपरिषद अधिनियम करून राज्याच्या निरनिराळ्या भागांतील जुने नगरपालिका कायदे एकत्र केले. त्याच्या कलम १८९ अन्वये नवीन इमारत किंवा इमारतीतील फेरबदल यांची सूचना नगरपरिषदेस देणे आवश्यक आहे. खेड्यांपुरता १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम असून त्याच्या कलम ५२ मध्ये बांधकामावरील नियंत्रण आहे. भाड्याच्या घरांसाठी मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा चालू होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने ३१ मार्च २००० पासून घेतली. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास तो घर खाली करण्यास पात्र ठरतो. म्हणून काढता येण्याजोगा फळ्यांचा माळा आणि भिंतीत रुतवलेला माळा यांतील भेद भाडेकरूच्या बाबतीत फार मोलाचा.

सर्वांत दूरगामी कायदा म्हणजे १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याने ‘विकास’ या शब्दाची व्याख्या बांधकामापुरती ठेवली नाही; इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही तीत घातला. माळ्याच्या इतिहासात हा खरा पालट होय. यापूर्वीचा प्रश्न होता ‘काय बांधले?’, आता प्रश्न झाला ‘कशासाठी वापरता?’ त्याच अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये एक सवलतही आहे : विकास योजना करण्याचा इरादा जाहीर झाल्यानंतर परवानगी लागते, परंतु केवळ आतील भागास लागू असणारी किंवा बाह्य स्वरूपात महत्त्वाचा फरक न करणारी दुरुस्ती व सुधारणा यांतून वगळली आहे. माळ्याला फळ्या घालणे या सवलतीत बसेल. जिना, खिडकी, आडभिंत आणि निराळी चूल या पायऱ्या जसजशा चढल्या जातात तसतशी सवलत मागे पडते. कोणत्या पायरीवर ती संपली हे ठरविणे हाच अशा प्रकरणांतील वादाचा गाभा असतो.

२ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने आणखी एक प्रश्न विचारला : उंची किती? या नियमावलीत माळा म्हणजे दोन मजल्यांमधील, जास्तीत जास्त १.५ मीटर उंचीची, सामान ठेवण्याची जागा. राहत्या खोलीस सपाट छताखाली सामान्यतः २.७५ मीटर उंची हवी. पहिली उंची सुमारे पाच फूट, दुसरी सुमारे नऊ फूट. जुन्या घरातील वरची जागा सहा-सात फुटांची असेल तर ती नियमाच्या भाषेत माळाही ठरत नाही आणि खोलीही ठरत नाही. लोकभाषेत माळा आणि माडी यांच्यामधला उंबरठा सवयीने ठरतो. नियमात तो मोजपट्टीने ठरतो. या दोहोंमधील चार फुटांच्या अंतरात पुष्कळ संसार उभे आहेत.

घरपट्टी भरल्याने बांधकाम नियमित होते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. कर हा वापराबद्दल किंवा मालमत्तेबद्दल घेतला जातो. त्याने मंजुरीची जागा भरून निघत नाही. तथापि जुन्या आकारणीचा उतारा निरुपयोगीही नव्हे. वरच्या खोलीवर कोणत्या सालापासून आकारणी झाली हे त्यावरून कळते, आणि तारखेचा पुरावा म्हणून त्याची योग्यता मोठी आहे. विजेच्या जोडणीची तारीख, नोंदणी झालेले वाटणीपत्र, कर्जाच्या वेळी केलेले मूल्यांकन यांचेही तसेच.

ज्या बांधकामास परवानगी हवी होती आणि ती घेतली नाही, त्यासाठी दोन वाटा आहेत. चालू नियमांत बसत असेल तर नकाशा दाखल करून मागाहून परवानगी मागणे ही पहिली. दुसरी वाट २०१७ मध्ये अधिनियमात घातलेल्या कलम ५२-क ची. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे प्रशमन शुल्क आणि शास्ती घेऊन ‘प्रशमित संरचना’ म्हणून घोषित करण्याची तरतूद तीत आहे. नदी, कालवा, तलाव, पूररेषेतील क्षेत्र अशा ठिकाणची बांधकामे या सवलतीबाहेर आहेत. ‘प्रशमन’ म्हणजे शांत करणे. दोष नाहीसा झाला असे हा शब्द म्हणत नाही, त्याबद्दलची कारवाई शांत झाली एवढेच म्हणतो. आणि येथे परिभाषा करणाराने शब्द नेमका निवडला आहे असे म्हटले पाहिजे.

६. मुंबई आणि इंग्लंड येथील दाखले

मंजुरी नसलेल्या जुन्या जागेला काळाच्या आधारे संरक्षण द्यावे की नाही, याविषयी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी धोरणे दिसतात. मुंबईत निवासी बांधकामांस १७ एप्रिल १९६४ आणि बिगरनिवासी बांधकामांस १ एप्रिल १९६२ अशा मर्यादातिथी मानल्या जातात. त्यापूर्वीपासून असलेले बांधकाम ‘मंजूर’ होत नाही. ते सहन केले जाते. अधिकृत आणि अनधिकृत यांच्यामध्ये ‘सह्य’ अशी तिसरी कोटी तेथील व्यवहाराने निर्माण केली. बिलोलीसारख्या गावाला अशी प्रसिद्ध तिथी नाही. तेथे प्रत्येक घरास आपली तारीख स्वतः सिद्ध करावी लागते.

इंग्लंडमध्ये छपराखालील पोकळीची निजण्याची खोली करणे हा घरदुरुस्तीचा अतिशय प्रचलित प्रकार आहे. तेथील १९९० च्या नगर व ग्राम नियोजन अधिनियमानुसार बांधकाम पुरे होऊन चार वर्षे कारवाई न झाल्यास त्याला नियोजनाच्या दृष्टीने अभय मिळे. २५ एप्रिल २०२४ पासून तेथे ही मुदत दहा वर्षांची झाली. परंतु हे अभय नियोजनापुरतेच आहे. जिना, आग आणि भार यांविषयीचे इमारत-नियम निराळे असून काळ लोटल्याने खोली सुरक्षित होते असे तेथेही कोणी मानीत नाही.

भारतात असे कालजन्य अभय नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निर्णयात स्पष्ट केले की काळ लोटला, अधिकारी स्वस्थ बसले किंवा मोठा खर्च झाला, म्हणून विनापरवाना बांधकाम कायदेशीर होत नाही. त्याच न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दुसरीही बाजू सांगितली आहे : रस्ता, नदी अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणे सोडून, किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून घर पाडता येणार नाही. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचावे लागतात. पहिला घरमालकाला जुनेपणावर विसंबू देत नाही. दुसरा कचेरीला घाई करू देत नाही.

७. भार आणि मंजुरी

येथपर्यंतचा विचार कागदाचा झाला. मराठवाड्यात मात्र कागदापेक्षा मोठा प्रश्न भाराचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांजवळील मातीची जड छते हे या हानीचे मुख्य कारण होते. नंतरच्या पाहणीत एक गोष्ट विशेष लक्षात आली : अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि दगडी भिंती कोसळल्या. म्हणजे जुन्या सुतारांची खणांची रचना निकामी नव्हती. तिच्याभोवतीची चिणाई आणि तिच्यावर पिढ्यान्पिढ्या वाढत गेलेला मातीचा थर घातक ठरला.

हा भार किती असतो हे साध्या गणिताने कळते. अर्धा मीटर जाडीच्या मातीच्या छताचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलो भरते. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. क्विंटलची पोती दोन थरांत रचली तर त्याहून जास्त भार होतो. यावरून सामानाऐवजी माणसे आल्याने भार वाढतोच असे नाही, हे स्पष्ट होते. भार वाढतो तो माणसांबरोबर येणाऱ्या गोष्टींमुळे. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशी अर्ध्या विटेची आडभिंत दीड टनाहून अधिक भरते आणि तो सर्व भार एका रेषेत तुळईवर पडतो. हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन. वाळवी लागलेल्या किंवा भिंतीतील ओलीने टोकाशी कुजलेल्या तुळईला ही भर सोसेल की नाही, हे नकाशावरून समजत नाही.

हा प्रश्न बिलोलीपासून दूरचा नव्हे. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसरात केंद्र असलेले सुमारे ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड जिल्ह्यातही जाणवले. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम १९५ मध्ये धोकादायक इमारतीविषयी अधिकार आहेत आणि ते मंजूर इमारतीसही लागू पडतात. मंजूर घर पडू शकते आणि नामंजूर घर शतकभर उभे राहू शकते. म्हणून मंजुरी आणि सुरक्षितता या दोन निराळ्या कसोट्या आहेत, आणि एकीचा दाखला दुसरीसाठी चालत नाही.

८. निष्कर्ष

माळ्याची माडी होणे ही मराठवाड्यातील कुटुंबांच्या वाढीची स्वाभाविक परिणती आहे. संस्थानी दप्तराने ‘घर कोणाचे?’ असे विचारले, नगरपालिका कायद्यांनी ‘काय बांधले?’ असे विचारले, नगररचना अधिनियमाने ‘कशासाठी वापरता?’ असे विचारले, आणि आजची नियमावली ‘किती उंच?’ असे विचारते. प्रत्येक काळाच्या प्रश्नाला त्या त्या काळच्या घराने उत्तर दिलेले असते. मागील काळाच्या घराला पुढील काळाचा प्रश्न विचारला की ते निरुत्तर होते. या निरुत्तर होण्याला सरसकट अपराध मानणे जसे चुकीचे, तसेच जुनेपणाला सरसकट हक्क मानणेही चुकीचे.

यावरून अशा जागेच्या बाबतीत विचाराचा क्रमही निघतो. प्रथम तुळया, भिंती आणि जिना यांची जाणकार अभियंत्याकडून तपासणी व्हावी, कारण तो प्रश्न त्या खोलीत निजणाऱ्यांच्या जिवाचा आहे. त्यानंतर उर्दू, मोडी आणि मराठी कागद एकत्र वाचून माळ्याची आणि माडीची अशा दोन्ही तारखा निश्चित कराव्यात. ‘बालाखाना’, ‘दुमजली’, ‘माळा’ यांपैकी कोणता शब्द कोठे आला आहे तो टिपावा आणि फसली सन हिजरी समजला गेला नाही ना, हे पाहावे. मगच ती जागा पूर्वी सांगितलेल्या तीन स्थितींपैकी कोणत्या स्थितीत आहे हे ठरवून परवानगीचा अर्ज, प्रशमन किंवा पुन्हा सामानाच्या वापराकडे परतणे यांतील योग्य वाट धरता येते. प्रत्यक्षात हा क्रम उलटा चालतो. अर्ज आधी होतो, कागद नंतर शोधले जातात, आणि तुळईकडे पाहणे राहूनच जाते. ‘मंजूर’ या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानी घेतला तर ज्या तुळईकडे कोणी पाहिलेलेच नाही तिच्यावरील खोली, शिक्का असो वा नसो, मंजूर म्हणता येणार नाही.